बाबा लंकेहून आले, त्यानंतरचं

वसनाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ११:४०

दिवाळीला माहेरी गेले होते. आईचा गुडघा दुखतो म्हणून माळ्यावरची साफसफाई मीच काढली आणि तिथं बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा हाताला लागला. आत मनीऑर्डरच्या पावत्या. पहिली १९८८च्या दिवाळीची, पन्नास रुपयांची. शेवटची २००३ची, दीडशेची. दर दिवाळीला एक, सगळ्या खटाव तालुक्यातल्या एकाच गावच्या, एकाच बाईच्या नावच्या. शेवटच्या पावतीला परत आलेला फॉर्म टाचणीनं जोडलेला. त्यावर पोस्टमनच्या अक्षरात, ‘घेणार गाव सोडून गेली’.

आईला विचारलं. ती म्हणाली, “त्यांच्या पलटणीतल्या एकाची बायको. तो लंकेत राहिला.”

राहिला म्हणजे काय, हे कळायला मला क्षणभर लागलं.

बाबा १९७७ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि १९९५ला हवालदार होऊन पेन्शनवर आले. मधली काही वर्षं ते शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. इथल्या तरुण मंडळींना ही लढाई फारशी माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. २९ जुलै १९८७ला भारत-श्रीलंका करार झाला. तमिळ संघटनांची शस्त्रं गोळा करायची आणि शांतता राखायची, म्हणून आपलं सैन्य तिकडं गेलं. ऑक्टोबरात त्याच सैन्याची त्यातल्याच एका संघटनेशी, एलटीटीईशी म्हणजे तमिळ वाघांशी, उघड लढाई जुंपली. तिचं नाव ऑपरेशन पवन. मराठा आणि महार, दोन्ही रेजिमेंटच्या पलटणी त्या पहिल्याच महिन्यात जाफन्यात होत्या. ८ महारबरोबर असलेले, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ला तिथं पडले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. शेवटची तुकडी २४ मार्च १९९०ला परत निघाली. तोवर आपले अकराशेहून अधिक जवान गेले होते.

हे सगळं मी मोठेपणी वाचून शिकले. घरात यातला एक शब्दही बोलला गेला नाही.

घरात जे घडलं ते असं. आईचं माहेर चिपळूणकडचं. आमच्या परसातल्या न्हाणीला भिंत नव्हती. मामानं नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप आणून दिले होते, त्यांचा आईनं आडोसा केला होता. १९८८च्या मे महिन्यात बाबा लंकेहून पहिल्यांदा सुट्टीवर आले. मी सात वर्षांची. दुसऱ्या दिवशी पहाटे कोयत्याचा आवाज आला म्हणून उठून परसात गेले, तर बाबा आडोसा सोडवत होते. रागानं नाही. एकेक सुंभ कापायचे, झाप मोकळा करायचे आणि भिंतीकडेला नीट रचून ठेवायचे. आई दारात उभी होती. म्हणाली, “अहो, आम्ही अंघोळ कुठं करायची?”

बाबा म्हणाले, “पलीकडचं दिसत नाही.”

एवढंच. त्यानंतर विटांची न्हाणी होईपर्यंत वर्षभर आई आणि आजी पहाटे चारला, अंधारात अंघोळ उरकत होत्या. थंडीतसुद्धा. आजी म्हातारी, तिला त्या हिवाळ्यात जो खोकला लागला तो काही गेला नाही. विटांच्या भिंतीपलीकडचंही दिसत नाही, पण त्या भिंतीचं बाबांना काही वाटलं नाही. त्यांना पानांचा आडोसाच नको होता.

खूप वर्षांनी मी जाफन्याच्या गल्ल्यांचे त्या काळातले फोटो पाहिले. अरुंद वाट आणि दोन्ही बाजूंना ताडाच्या वाळक्या पानांची, माणसाहून उंच कुंपणं. एका गल्लीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, सगळ्या सारख्या. फोटो बघताना मला ती पहाट आठवली आणि मी आईला फोन केला. दोघीही बराच वेळ काही बोललो नाही.

आमच्या गावात एकाहत्तरच्या लढाईला गेलेले एक आप्पा होते. पारावर बसले की पोरं त्यांच्याभोवती जमायची. त्यांची गोष्ट सगळ्या गावाला पाठ, तरी दर वेळी नव्यानं ऐकायची. बाबांना त्याच पारावर एकदा कुणीतरी विचारलं, “काय रं, लंकेत आपलं काय हुतं? कुणासंगं लढाया गेलतास?” बाबांना उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नाचं धड उत्तर तेव्हा दिल्लीतही कुणाकडे नव्हतं. त्यानंतर ते पारावर बसले नाहीत. साखर कारखान्यावर वॉचमन म्हणून लागले आणि रात्रपाळी मागून घेतली.

मला वाटतं, जिंकलेल्या लढाईची गोष्ट होते आणि ती सांगून सांगून माणूस थोडा मोकळा होतो. जिची गोष्टच झाली नाही ती लढाई घरात मुरते. ती आईच्या अंघोळीच्या वेळेत जाते, आजीच्या खोकल्यात जाते. बाबा कधी आमच्या अंगावर ओरडले नाहीत, दारूला शिवले नाहीत, पेन्शन वेळेवर घरात आली. बाहेरून बघणाऱ्याला हे घर सुखाचंच दिसलं असतं, आणि पुष्कळसं होतंही. पण त्यांच्यापाशी बसून कुणी ऐकलं नाही, आम्हीही नाही, ही माझी बोच आहे.

आणखी एक गोष्ट आहे, तिचा उलगडा मला झालेला नाही. गावाच्या अलीकडे ओढ्यावर एक लहानशी मोरी आहे. बाबा त्या मोरीवरून गाडीत बसून कधीच जात नाहीत. मोटरसायकल असो, टेम्पो असो, आता भावानं घेतलेली कार असो. अलीकडे उतरतात, बांधावरून ओढ्यात उतरतात, मोरीखाली वाकून बघतात आणि पलीकडे चढून परत गाडीत बसतात. भाऊ चिडतो. पावसाळ्यात गुडघाभर चिखलातूनही त्यांनी हे केलेलं आहे.

कुणाच्या घरी असं कुणी आहे का? असेल तर लिहा.

पळसपान | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

पोस्टमनच्या शेऱ्यापाशी थांबले, चहा केला, मग पुढचं वाचलं. तुमच्या आजीचा खोकला कुठल्याच हिशेबात धरला गेला नसेल.

निवृत्त सॅपर | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

ताई, मी इंजिनिअर्समध्ये होतो. तुमच्या मोरीचं उत्तर मी देऊ शकतो.

लंकेत आमचा सगळ्यात मोठा शत्रू रस्ता होता. ते लोक रस्त्याखाली सुरुंग पुरायचे आणि त्यांची सगळ्यात आवडती जागा म्हणजे मोरी. खणायला लागत नाही, आत सरकून माल भरला की झालं. जेरीकॅनमध्ये, ड्रममध्ये स्फोटकं भरायची, वायर झाडीतून लांबवर न्यायची, तिथं बॅटरी घेऊन एक पोरगा बसलेला. गाडी मोरीवर आली की दोन टोकं जुळवायची. अख्खी गाडी जायची. म्हणून आमची शिस्त अशी होती, की मोरी आली की गाडी लांब थांबवायची, माणसांनी उतरायचं, दोघातिघांनी बाजूनं फिरून वायर शोधायची आणि एकानं खाली वाकून बघायचं. मगच गाडी पुढं. तुमचे वडील गेली पस्तीस वर्षं रोज तीच शिस्त पाळतायत. ते मोरीखाली वाकून बघतात असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मला वाटतं की वाकून बघणारा माणूस तेच असावेत.

तुमच्या भावाला एवढं सांगा, की ते गाडीत बसलेल्यांसाठी बघतात. स्वतःसाठी बघायचं असतं तर त्यांनी ओढ्यात उतरायची गरज नव्हती.

झापांबद्दलही बरोबर ओळखलंत. त्या कुंपणांच्या पलीकडे कोण आहे ते कधीच कळायचं नाही. म्हातारी कोंबड्यांना दाणे टाकत असेल, नाहीतर एके-४७ घेऊन कुणी असेल. आमच्या हातात एसएलआर. चांगली रायफल, पण लांब नळीची, गल्लीत वळवायला अवघड. गोळी पानांतून आरपार येते, भिंतीतून येत नाही. भिंत त्यांना का चालली, त्याचं उत्तर हे.

वसनाकाठ | १३ नोव्हेंबर, दुपारी १:१५

सॅपरकाका, तुमचा प्रतिसाद ऑफिसमध्ये वाचला आणि उठून बाहेर गेले. भावाला जसाच्या तसा पाठवला आहे. त्याचं अजून काही उत्तर नाही. पण त्यानं तो वाचलाय.

सह्याद्री७ | १३ नोव्हेंबर, रात्री ८:५०

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, राग मानू नये. माझा धाकटा भाऊ आत्ता काश्मीरमध्ये ड्युटीवर आहे. त्याच्या काळजीनं आमच्या आईची झोप आधीच उडालेली आहे. असं काही वाचलं की वाटतं, मागे राहिलेल्यांनी हे उगाळत बसावं का? फौजी माणूस स्वतःहून गेलेला असतो, त्याला त्याचा अभिमान असतो. आपण त्याच्या जखमाच मोजत बसलो तर त्याचा अभिमान कुठं जातो? तुमच्या वडिलांनी बोलायचं नाही असं ठरवलं असेल, तर तेही त्यांचं बळच असेल.

निवृत्त सॅपर | १३ नोव्हेंबर, रात्री ९:३५

सह्याद्री७, तुमच्या भावाला माझा रामराम सांगा.

अभिमान आहे, तो कुणी काढून घेऊ शकत नाही. पण शांतिसेनेतल्यांचं दुखणं वेगळं आहे आणि ते उगाळल्याशिवाय समजत नाही. ज्यांच्याशी लढलो, त्या पोरांना काही वर्षं आधी आपल्याच देशात लढाईचं शिक्षण मिळालेलं होतं. ज्या सरकारनं आपल्याला बोलावलं, त्याच कोलंबोच्या सरकारनं १९८९मध्ये, प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष असताना, एलटीटीईला हत्यारं पुरवली, आमच्याविरुद्ध वापरायला. आणि १९९०च्या मार्चमध्ये शेवटची जहाजं मद्रासला लागली तेव्हा तिथले मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत. त्यांच्या राज्यातल्या लोकांच्या भावना काय होत्या ते मला कळतं. पण डेकवर उभ्या असलेल्या जवानाला काय वाटलं असेल, तेही कुणीतरी विचारायला हवं होतं.

पहिल्या रात्रीचंच घ्या. ११-१२ ऑक्टोबर १९८७. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून १३ शीख लाइट इन्फन्ट्रीची तुकडी उतरवली. तीस जण उतरले, मागून येणारी हेलिकॉप्टरं गोळीबारामुळे उतरू शकली नाहीत. त्या तिसांतला एकच जिवंत राहिला, तोही कैदी होऊन. ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना शाळेत शिकवली?

न बोलणं हे बळ असतं, मान्य. पण बळ वापरलं की ते खर्च होतं.

सह्याद्री७ | १३ नोव्हेंबर, रात्री १०:१०

भावाला सांगतो काका. तुमचा शेवटचा मुद्दा डोक्यात राहील.

ओंटारिओकर | १४ नोव्हेंबर, पहाटे ४:३०

इथं टोरांटोच्या स्कारबरो भागात जाफन्याहून आलेली तमिळ वस्ती मोठी आहे. माझ्या ऑफिसात त्यांच्यातली एक बाई आहे, वय तुमच्याएवढंच. पहिल्या आठवड्यात तिनं विचारलं, “तू भारतात कुठला?” मी म्हटलं, महाराष्ट्र. तिला नकाशात तो कुठे ते नेमकं माहीत नव्हतं. मग म्हणाली, “मला हिंदीचे तीन शब्द येतात.” आणि म्हणून दाखवले. रुको. हाथ ऊपर. चपाती.

पहिले दोन नाक्यावर शिकली. शाळेत जाताना रोज. तिसरा, त्याच नाक्यावरच्या एका जवानानं तिला आणि तिच्या भावाला तव्यावरची गरम चपाती साखर लावून दिली होती तेव्हाचा.

मग दोन वर्षांनी, आमची चांगली ओळख झाल्यावर, तिनं तिच्या मामाचं सांगितलं. तो जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात कामाला होता. २१ आणि २२ ऑक्टोबर १९८७, तेव्हा नेमकी दिवाळी होती. त्या दोन दिवसांत आपल्या सैनिकांच्या गोळीबारात त्या रुग्णालयात डॉक्टर, नर्स, कर्मचारी आणि रुग्ण मिळून साठहून अधिक माणसं मारली गेली. आपल्या लष्कराची बाजू अशी की आतून गोळीबार झाला आणि चकमकीत माणसं सापडली. जे वाचले त्यांचं म्हणणं वेगळं आहे. तिचा मामा वाचला नाही.

हे इथं लिहावं की नाही याचा मी खूप विचार केला. वसनाकाठ, तुमच्या वडिलांचा त्याच्याशी काही संबंध आहे असं मला चुकूनही सुचवायचं नाही. पण तुम्ही लिहिलंत, त्या कुंपणांच्या एका बाजूला तुमचे बाबा होते. दुसऱ्या बाजूला ही मुलगी होती. ती अजूनही दिवाळीला घराबाहेर दिवा लावत नाही, आत लावते.

पळसपान | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

लिहिलंत ते बरं केलंत. आजी पहाटे चारला अंघोळ करत होती आणि तिकडे ही मुलगी हात वर करून शाळेत जात होती. माझ्या मनात या दोघी आता वेगळ्या होत नाहीत.

वसनाकाठ | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:००

ओंटारिओकर, तुमचा प्रतिसाद वाचून आधी अंग आखडलं. वाटलं, हे का इथं? मग लक्षात आलं, पारावर बाबांना जो प्रश्न विचारला गेला त्याचा खरा भार हाच असणार. त्यांना काय दिसलं, त्यांनी काय केलं, काय करावं लागलं, मला माहीत नाही. मी कधी विचारेन असंही वाटत नाही. पण त्यांनी स्वतःहून सांगितलं तर ते काहीही असो, ऐकायची तयारी माझी असायला हवी. फक्त शौर्याचंच ऐकायला बसले तर ते बोलणारच नाहीत.

तुमच्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा. योग्य वाटलं तरच.

मोगरा | १४ नोव्हेंबर, दुपारी ३:२५

त्या खटावच्या बाईंचं नाव ‘गाव सोडून गेली’पाशी संपतं, तिथं माझं मन अडकलं. कुठं गेल्या असतील?

माझ्या मावसबहिणीचा नवरा फौजेत असताना गेला, शांतिसेनेत नव्हे, नंतर. ती तेवीस वर्षांची. त्याला पदक होतं, त्याचा भत्ता तिला मिळायचा. तेराव्याला घरातल्या मोठ्यांनी बैठक घेतली आणि ठरवलं, की धाकट्या दिराशी लग्न लावायचं. कारण काय? नियमच तसा होता. शौर्यपदकाचा भत्ता विधवेनं दुसरं लग्न केलं की बंद, आणि दिराशी केलं तर चालू. ही अट सरकारनं २०१७च्या नोव्हेंबरात काढली. तिचं लग्न होऊन तोवर किती वर्षं झाली होती! दीर तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तिनं त्याला राखी बांधली नव्हती इतकंच, बाकी भाऊच होता तो. त्याचं दुसऱ्या एका मुलीशी जमलेलं होतं, तेही मोडलं. म्हणजे एका माणसाच्या जाण्यानं तीन माणसांची आयुष्यं भलतीकडे वळली. त्या दोघांनी संसार चांगला केला, मुलं मोठी झाली. पण ती मला एकदा म्हणाली, “मला त्याच्यासाठी रडताच आलं नाही गं. रडले की ह्यांना वाईट वाटायचं.”

वीरपत्नी हा शब्द सत्काराच्या वेळी माइकवरून ऐकते तेव्हा मला तिचं हे वाक्य आठवतं.

शिलालेख | १४ नोव्हेंबर, रात्री १०:०५

या गप्प राहण्याची मुळं आपल्या भागात जुनी आहेत. सातारा, पुणे, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. इंग्रजीत. या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धात इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. नाव एकाचंही नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात, तिथला मेलेल्यांचा आकडा ४६.

ही माणसं गेली कुठं? पुष्कळशी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. डिसेंबर १९१५ला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ला शरणागती. धान्य संपल्यावर घोडे कापले. आपल्यातले बरेच जण घोड्याचं मांस खाईनात. गावाकडे परतल्यावर जात वाळीत टाकेल ही भीती. उपाशी राहिले, अंगावर सूज आली, हिरड्या सडल्या. त्यानंतर कैदी म्हणून वाळवंटातून पायी.

बसऱ्याला त्या आघाडीवरच्या बेपत्ता आणि थडगं नसलेल्या मृतांचं स्मारक आहे. चाळीस हजारांवर माणसांचं. इंग्रज शिपायाचं नाव कोरलेलं. आपल्या पलटणीखाली मात्र सुभेदार-जमादारांची नावं आणि मग शिपायांचा नुसता आकडा. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थच्या आयोगानं ही चूक मान्य केली ती २०२१ साली. नोंदी अगदीच नव्हत्या असंही नाही. त्यांच्या वहीत शिपायाचं नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा सातारा, सगळं लिहिलेलं सापडतं. दगडावर कोरायची गरज वाटली नाही, एवढंच.

माझे खापरपणजोबा त्या दोन आकड्यांपैकी पहिल्यात आहेत, परत आलेले. घरात त्यांच्याबद्दल एकच गोष्ट उरली आहे. खजूर घरात आणू द्यायचे नाहीत. का, ते कुणालाच माहीत नाही. सॅपरकाकांसारखं उत्तर देणारं आता कुणी नाही.

खडकीवाला | १५ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

सॅपरकाकांनी मोठ्या सुरुंगांचं लिहिलं. लहान सुरुंगांनी पाय गेलेल्यांचं मी लिहितो, कारण ते लोक आमच्या गल्लीतून जायचे.

मी खडकीत वाढलो. पुण्यात जखमी जवानांसाठी एक सगळी साखळी आहे आणि पुणेकरांनाच ती धड माहीत नाही. वानवडीकडचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून. खडकीचं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७पासून, पाय-हात गेलेल्यांना हातचा धंदा शिकवायला. आणि मणक्याला मार लागून कमरेखालचं शरीर गेलेल्यांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, १९७४पासून. शेवटच्या ठिकाणी मी कॉलेजात असताना दर रविवारी जायचो. कुणाची पत्रं लिहून द्यायला, कुणाबरोबर कॅरम खेळायला.

तिथले एक काका लंकेत जखमी झालेले. बाकी सगळं सांगायचे, पण मी पहिल्यांदा विचारलेला प्रश्न त्यांना फार लागला होता. मी विचारलं होतं, “कारगिलला का?” तरुण पोरगा, मला तेवढंच माहीत. ते म्हणाले, “नाही रे, त्याच्या आधीची.” आणि कॅरमच्या सोंगट्या नीट लावत बसले. त्यानंतर कुणी नवीन आलं की मीच आधी सांगायचो, हे लंकेत होते. ते काही म्हणायचे नाहीत, पण खुर्ची जरा पुढं घ्यायचे.

मुरलीकांत पेटकरांचं नाव आता सगळ्यांना माहीत झालंय. सांगलीकडचे, १९६५मध्ये गोळ्या लागल्या, १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण. पद्मश्री मात्र २०१८ साली. आनंदच आहे. पण पदक न मिळवणारे, नुसतेच रोज सकाळी उठून स्वतःला खुर्चीत बसवणारे जास्त आहेत, आणि त्यांची वयं आता साठीच्या पुढे गेलीत.

यमुनाकाठी | १५ नोव्हेंबर, रात्री ९:१५

नोकरीनिमित्त दिल्लीत असतो. इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक झालंय, २५ फेब्रुवारी २०१९पासून खुलं आहे. त्यागचक्र म्हणून गोल भिंती आहेत, त्यावर ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेका जवानाचं नाव कोरलेलं. स्वातंत्र्यानंतरच्या सगळ्या लढायांतले, ऑपरेशन पवनमधलेही. शिलालेख यांनी लिहिलं तसा नुसता आकडा नाही, प्रत्येकाचं नाव आहे.

वसनाकाठ, मनीऑर्डर ज्यांच्या घरी जायची त्यांचं नाव कळवलंत, तर रविवारी जाऊन शोधतो आणि फोटो पाठवतो. इथं उघड लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वसनाकाठ | २४ नोव्हेंबर, रात्री १०:५०

उशीर झाला, क्षमस्व. शनिवारी गावी गेले होते.

आधी भावाचं. स्टँडवर मला घ्यायला तो बाबांना घेऊन आला होता. परतताना मोरीच्या अलीकडे त्यानं स्वतःहून गाडी थांबवली. काही बोलला नाही. बाबा उतरले, खाली गेले, पलीकडून वर आले. भावानं गाडी पुढे घेतली, आतून हात लांब करून दार उघडलं. बाबांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि बसले. घरी येईपर्यंत कुणीच काही बोललं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी डबा घेऊन त्यांच्यापाशी बसले. म्हटलं, माझ्या ओळखीचे एक जण दिल्लीत आहेत, तिथं भिंतीवर सगळ्यांची नावं कोरलीत, ते शोधून फोटो पाठवणार आहेत. बाबांनी डबा हातात घेतला, उघडला नाही. झाकणावरून अंगठा फिरवत राहिले. मला वाटलं, झोप आता, म्हणून उठवतील.

ते म्हणाले, “नाव बरोबर लिवलंय का बघाया सांग त्यास्नी. पलटणीच्या रोलला आडनाव चुकीचं पडलं हुतं. लई वेळा अर्ज केलता त्यानं.”

मग मी कागद-पेन घेतलं. बाबांना स्वतःचा मोबाईल नंबर अजून पाठ नाही, दर वेळी आईला विचारतात. पण त्याचा आर्मी नंबर त्यांनी एका दमात सांगितला. मग नाव, मग वडिलांचं नाव, मग खरं आडनाव, एकेक अक्षर सुटं करून, मी नीट लिहितेय ना ते बघत. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडून घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला आणि परत दिला.

यमुनाकाठी, व्यनि केला आहे. दोन्ही आडनावं लिहिली आहेत, चुकीचंही आणि बरोबरही. चुकीचंच कोरलेलं असेल तरी फोटो पाठवा. बाबा म्हणाले, अर्ज ते करतील.